गोळी कुठवर जाते

‘काडतूस कुठलं घेऊ?’ असं विचारणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा बंदुकीचं नाव घेऊनच काउंटरपाशी यायचं. कोणाला .३७५ हवी असायची, कोणाला .३०-०६. निजामपुऱ्याचे मिस्त्री त्यावर उलट विचारायचे: जनावर कुठलं? किती लांबून मारणार? आणि गोळी आरपार गेली तर तिच्या मागे काय आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ते खोक्याला हात लावत नसत. दक्षिण मुंबईतल्या एका परवानाधारक शस्त्रदुकानात, दुरुस्तीच्या टेबलावर, त्यांचं सगळं कामाचं आयुष्य गेलं. विकणारे मालक वेगळे होते, पण काडतुसाचा सल्ला मागायला लोक मागच्या टेबलाकडे येत.

निजामपुरा हा भिवंडीचा जुना भाग. महापालिकेच्या नावातही भिवंडीला जोडून निजामपूर येतं. कोकणी मुसलमानांची कौलारू घरं, त्यांना लागून यंत्रमागांचे गाळे, आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा धोट्यांचा खडखडाट. मिस्त्रींचे वडील मागाचे फिटर होते, त्यामुळे कानस, लेथ आणि मायक्रोमीटर यांची ओळख घरातच झाली. साठच्या दशकात एका नातेवाइकाने त्यांना मुंबईच्या दुकानात लावून दिलं. भिवंडीहून एसटीने कल्याण, पुढे लोकल. सुरुवातीला काम नळ्या पुसण्याचं आणि गंज काढण्याचं. जुन्या काडतुसांच्या टोपीत जे क्षार असत ते बार झाल्यावर नळीत राहतात, हवेतलं पाणी ओढतात, आणि कोकणच्या पावसाळ्यात चार दिवसांत नळीला आतून खड्डे पडतात. नुसत्या तेलाने ते क्षार जात नाहीत, आधी गरम पाणी घालून नळी धुवावी लागते. हे पहिलं शिक्षण. त्या काळी दुकानात येणारी निम्मी दुरुस्ती नळी न धुण्याच्या या एका आळसापायी यायची.

ते दिवस शिकारीचे होते. मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ साली झाला होता, पण वनखात्याकडून शिकारीचे परवाने मिळत आणि जंगलाचे ब्लॉक ठरवून दिले जात. वाघाच्या शिकारीवर बंदी आली ती १९७० साली. गिरणीमालक, वकील, डॉक्टर, जुन्या संस्थानी घराण्यांतली माणसं हिवाळ्याच्या तोंडाला आपापल्या रायफली तपासून घ्यायला येत. टेबलावर एकाच आठवड्यात रिग्बी, विंचेस्टर, माउझर आणि बीएसए शेजारी शेजारी पडलेल्या असत. आणि हंगाम संपला की त्याच रायफलींबरोबर हकिकती येत: सांबर कुठे उभं होतं, गोळी कुठे लागली, ते किती पळालं, मिळालं की नाही. मिस्त्री या हकिकती लक्ष देऊन ऐकत. पडलेल्या जनावराच्या अंगातून काढलेली गोळी कोणी आणली, तर ती मागून घेत, तराजूत घालत, आणि मूळ वजनातलं किती शिल्लक राहिलं ते वहीत मांडून ठेवत.

आपल्याकडे काडतुसाची निवड शिकाऱ्याच्या आधी सरकारने करून ठेवलेली आहे, हे त्यांना लवकर उमगलं. १९०७ साली इंग्रज सरकारने लष्करी काडतुसांच्या रायफली नागरिकांना बंद केल्या. मार्टिनी-हेन्रीसारख्या लष्करी बंदुकांना चालेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, हा हेतू. या एका हुकुमाने इंग्लंडच्या बंदूककारांची उलथापालथ झाली. .४५० ची दुनळी भारतात आणि सुदानात चालेना, म्हणून .४६५ आणि .४७० सारखी नवी काडतुसं निघाली. लहान नळ्यांत लष्कराची ‘थ्री-नॉट-थ्री’ (.३०३) बंद झाली, आणि तिच्या जागी .३१५ आली. ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं जुनं लष्करी काडतूस इंग्रजांच्या फौजेत नव्हतं, त्यामुळे ते नागरिकांना द्यायला हरकत नव्हती. बीएसएने ली-एन्फिल्डच्या धाटणीची रायफल या काडतुसासाठी बनवली. स्वातंत्र्यानंतर तीच परंपरा इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने पुढे चालवली. काडतुसं १८६९ साली सुरू झालेल्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. बुडावर ‘केएफ’ हा शिक्का असतो तो किरकी, म्हणजे खडकी, फॅक्टरीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने जुना कायदा गेला, पण थ्री-नॉट-थ्री नागरिकांना बंदच राहिली. म्हणजे परक्या सरकारने बंडाच्या धास्तीपोटी घेतलेला निर्णय आजही विदर्भातला शेतकरी रोह्यावर, म्हणजे नीलगाईवर, कुठली गोळी झाडेल ते ठरवतो. मिस्त्रींना या गोष्टीचं फार अप्रूप वाटे, आणि ते रास्तच आहे.

दुसरी कात्री परकीय चलनाची. बाहेरून येणारा दारूगोळा आटत गेला, तशा भल्या भल्या रायफली भिंतीवर लटकल्या. एखाद्या घराण्यात उत्तम .३७५ असायची आणि तिची सातआठ काडतुसं उरलेली. असा माणूस ती गोळी जनावरासाठी जपून ठेवायचा आणि नेम तपासायला एकही खर्च करायचा नाही. मिस्त्रींचं मत असल्या रायफलीविषयी कडक होतं. ज्या काडतुसाचे निशाणावर बार काढता येत नाहीत, ते जनावरावर वापरू नये. .३१५ चा सगळ्यात मोठा गुण त्यांच्या लेखी हा, की खडकीचं खोकं मिळत राहायचं आणि हात बसेपर्यंत सराव करता यायचा.

‘मीडियम बोर’ म्हणजे ढोबळमानाने साडेआठ ते दहा मिलिमीटरच्या दरम्यानची नळी. .३१५ त्या उंबरठ्याच्या थोडी अलीकडे पडते. पण तिची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅमची, लांब, जड आणि बेताच्या वेगाची. त्यामुळे वागणूक पुष्कळशी मीडियम बोरसारखीच. या वर्गातली दोन काडतुसं जगभर नावाजली. बर्लिनच्या ऑटो बॉक याने १९०५ साली ९.३ बाय ६२ काढलं, ते आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतल्या शेतकऱ्यांसाठी. महागडी दुनळी परवडत नाही, हाताशी साधी माउझर आहे, आणि तिच्यातूनच हरणापासून रेड्यापर्यंत सगळं मारायचं आहे, अशा माणसाची ती गरज होती. साडेअठरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम १९१२ ची. ती आणखी वेगवान, आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी तिलाच किमान मर्यादा मानलं. मिस्त्रींच्या टेबलावर ९.३ क्वचित यायची, पण आली की ते खूश असायचे. वेगाच्या मागे न लागता वजनाने आत शिरणारी गोळी त्यांना नेहमी भरवशाची वाटली.

मग सगळ्यांनाच मोठी नळी का देऊ नये? कारण आपल्याकडची जनावरं एका मापाची नाहीत. भेकर वीस-पंचवीस किलोचं. चितळाचा नर ऐंशीच्या घरातला. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे, सांबराचा त्याहून भारी होऊ शकतो. आणि गवा सातशे ते हजार किलो. भेकरावर .३७५ झाडली तर अर्धं भेकरच राहत नाही, आणि वेगाने फुटणारी हलकी गोळी सांबराच्या फऱ्यावर बसली तर वरचं मांस फाडून तिथेच संपते. शिकाऱ्याला समोर दिसते ती कातडी. गोळीला पोहोचायचं असतं ते फुप्फुसांपर्यंत आणि काळजापर्यंत, आणि जनावर तिरकं उभं असेल तर हा रस्ता दुप्पट होतो. रानडुकरात तर काळीज अगदी खाली, पुढच्या पायांच्या मधोमध असतं, आणि वयात आलेल्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीचं जाड कवच चढलेलं असतं. हरणाच्या अंदाजाने पाठीच्या बाजूला नेम धरणारा माणूस डुकराला जखमी करून सोडतो. हे समजावायला मिस्त्री खडूने टेबलावरच डुकराची आकृती काढत.

रायफलीपेक्षा गोळीच्या टोकावर त्यांचा जास्त वेळ जायचा. लष्करी गोळीला टोकापर्यंत तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. ती सरळ आरपार जाते, बारीक भोक पाडते, आणि जनावर तशा स्थितीत कोसो पळतं. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ, शिसं उघडं. आत शिरताच ती आळंबीसारखी पसरते आणि वाटेतलं सगळं तोडत जाते. या मऊ टोकाचा इतिहास कलकत्त्याजवळच्या डमडमचा. तिथल्या कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने थ्री-नॉट-थ्रीसाठी असली गोळी तयार केली. माणसावर ती वापरणं क्रूर म्हणून १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळीवर बंदी आली. जनावराच्या बाबतीत न्याय बरोबर उलटा आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी असं लिहिलेलं आहे, शिवाय नळी किमान .२४० इंचांची आणि ऊर्जा १७०० फूट-पाउंडांची. स्वीडनमध्ये एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी दहा ग्रॅम किंवा जास्त वजनाची गोळी शंभर मीटरवर किमान २००० जूल बाळगणारी हवी. गोळी त्याहून हलकी, नऊ ते दहा ग्रॅमची असेल, तर २७०० जूल. हलक्या गोळीकडून जास्त ऊर्जा मागणारा हा नियम कोणीतरी जखमी जनावरांच्या मागे खूप चालून लिहिला असावा, इतका तो शहाणा आहे.

उलट बाजूचं उदाहरणही लोक हटकून काढत: डब्ल्यू. डी. एम. बेल. या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती सात मिलिमीटरच्या लहानशा रायफलीने मारले. मग सांबराला मोठी नळी कशाला, असा युक्तिवाद. पण बेलने हत्तीची कवटी चिरून मेंदूची जागा सगळ्या बाजूंनी अभ्यासली होती, तो न पसरणारी कठीण गोळी वापरायचा, आणि त्याचा नेम शिकाऱ्यांच्या इतिहासात वेगळा काढून ठेवावा असा होता. बेलची रायफल विकत घेता येते, पण त्याचा हात घेता येत नाही. जिम कॉर्बेट यांनाही १९०७ ची चंपावतची वाघीण मारल्याबद्दल रिग्बीची .२७५ भेट मिळाली होती, ती याच सात मिलिमीटरच्या जातीची. ते नाव सांगून कोणी छोट्या नळीचा आग्रह धरला, की मिस्त्री त्याच वाघिणीची पुढची गोष्ट सांगत. तिचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. कॉर्बेट यांच्या मते ती बंदुकीच्या जुन्या जखमेची खूण होती. नेहमीची शिकार पकडता येईना म्हणून ती माणसांवर उतरली, आणि ४३६ बळी तिच्या नावावर लागले. कोणीतरी, कधीतरी, एक बार चुकीचा काढला होता आणि जखमी जनावराच्या मागे गेला नव्हता.

गोष्ट सांगून झाली की मिस्त्री गप्प बसायचे आणि समोरच्याला विचार करू द्यायचे.

धक्क्याचा विषय शिकाऱ्यांना आवडत नसे. .३७५ खांद्यावर जोरात बसते, आणि माणूस किरकोळ असो की पैलवान, वर्षातून चार बार काढणाऱ्याचा डोळा घोडा ओढताना मिटतोच. निशाणाच्या मैदानावर सोबत्याने न सांगता मध्येच एक रिकामं काडतूस भरून द्यावं. बार होत नाही, पण नळीचं तोंड खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. ही परीक्षा करून आलेली बरीच माणसं पुन्हा मोठ्या नळीचं नाव काढत नसत. .३१५ चा धक्का सोसण्यासारखा आहे, आणि सोसवणाऱ्या रायफलीने फऱ्यामागे बरोबर लागलेली गोळी ही न सोसवणाऱ्या रायफलीने पोटात लागलेल्या गोळीपेक्षा केव्हाही दयाळू. जड गोळी झुडपातून सरळ जाते, हा आणखी एक पक्का समज. तो खोटा आहे. फांदीला लागली की कुठलीही गोळी वळते. दुकानात या एका मुद्द्यावर वाद घालायला मिस्त्री काम बाजूला ठेवत.

.३१५ चे दोषही ते लपवत नसत. काडतुसाच्या बुडाला कड आहे. धूळ, माती, घाण असली तरी ती कड धरून रिकामं काडतूस बाहेर ओढलं जातं, हा फायदा. पण पेटीत पाच काडतुसं भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकली, तर ऐन वेळी बोल्ट पुढे जात नाही. भरताना प्रत्येक काडतुसाची कड आधीच्याच्या पुढे बसवायची, एवढंच करायचं असतं. शिवाय वेग बेताचा असल्याने दीडशे मीटरच्या पुढे गोळी झपाट्याने खाली येते. तिथवरच्या अंतराला मात्र ही रायफल चितळाला पुरते, आणि मऊ टोकाने सांबराला व रोह्यालाही. गव्याला नाही. त्या बाबतीत ते ठाम होते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि दुकानाचा हंगाम एकदम ओसरला. काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने त्यानंतरही कायद्यात होते, पण १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. हरणाची शिकार ही या देशात हौस म्हणून उरलेली नाही, आणि मिस्त्रींना त्याचं दुःख नव्हतं. ते म्हणत, ताडोब्यात तर शिकार १९३५ पासूनच थांबली होती, आणि तिथे काय शिल्लक राहिलं ते आज सगळे बघायला जातात. रायफली साफ करणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याला वजन आहे.

नंतर टेबलाकडे आले ते शेतकरी. कायद्याच्या कलम ११ खाली, पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर किंवा रोह्यासारख्या प्राण्याला मारण्याची परवानगी वनअधिकारी अटी घालून देऊ शकतात. मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारचं, त्याचा पंचनामा व्हायचा. एप्रिल २०२३ पासून कायद्याची परिशिष्टं बदलली, पण ही चौकट तीच आहे. हिरवंगार शेत एका रात्रीत नांगरल्यासारखं उलथलेलं पाहून आलेला माणूस चिडलेला असतो, आणि चिडलेल्या माणसाला सगळ्यात मोठं काडतूस हवं असतं.

वाडा तालुक्यातला एक भातशेतकरी असाच आला. ‘चाचा, डुकरासाठी रायफलच घ्यायची म्हणतो. तीनशे पंधरा.’

‘शेताच्या पलीकडं काय आहे?’

‘ओढा. त्याच्या पलीकडं पाडा.’

‘मग रायफल नको, दादा. ही गोळी चुकली तर पाड्याच्या पुढं जाईल. बारा बोर घ्या, एक गोळीचं काडतूस. मचाण बांधा, वरून खाली मारा, म्हणजे गोळी मातीत जाईल. तीस मीटरच्या आत आल्याशिवाय बार काढू नका.’

‘छर्रे चालतील?’

‘डुकराला नाही. जखमी होईल आणि सकाळी तुमच्याच बांधावर एखाद्या बाईच्या अंगावर जाईल.’

ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत, जिथे दर अर्ध्या किलोमीटरवर वस्ती आहे, तिथे त्यांनी .३१५ ची शिफारस जवळपास कधी केली नाही. रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, आणि रात्रीच्या अंधारात मागे काय आहे ते दिसत नाही. विदर्भातल्या कापसाच्या आणि तुरीच्या मोकळ्या रानात रोही शंभर मीटरच्या आत येऊ देत नाही, तिथे .३१५ चं काम आहे, पण तिथेही जनावराच्या मागे उतार किंवा बांध असेल तरच. अलीकडे .३०-०६ ची सरकारी रायफलही निघाली, आणि नव्या परवानाधारकांना तिचं आकर्षण आहे. तिचा पल्ला जास्त, वेग जास्त. शेतराखणीसाठी हाच तिचा दोष, असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि नकाशावर आपल्या गावांची दाटी पाहिली तर त्यावर वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

आता ते निजामपुऱ्यात घरीच असतात. काम सुटलं आहे, सल्ला सुटलेला नाही. परवाना नूतनीकरणाच्या आधी कोकणातून, वाड्यातून कोणी ना कोणी येऊन बसतं. बंदूक घेऊन घरी यायची परवानगी ते कोणालाच देत नाहीत, नुसतं बोलायचं. शेताची लांबीरुंदी, चढउतार, वस्ती कुठल्या बाजूला, डुकरं कुठून शिरतात, एवढं कागदावर काढून दाखवायला सांगतात. मग मचाण कुठे बांधायचं ते त्या कागदावर खूण करून देतात, आणि काडतुसाचं नाव सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात लिहितात.